शब्दचर्चा : अलगीकरण की विलगीकरण? सीमाभागातल्या साथीच्या सूचनांची भाषा

मलप्रभाकाठ :
खानापूर, बेळगाव आणि निपाणी तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींसाठी साथीच्या काळात फळ्यावर लावायच्या सूचनांची कन्नड–मराठी शब्दयादी करायला घेतली आहे. पत्रकं वरून कन्नडमध्ये येतात आणि मराठी गावांत कुणीतरी ती घाईघाईत मराठीत उतरवतं. तीन ठिकाणी अडलंय. 'अलगीकरण' आणि 'विलगीकरण' एकच का? 'महामारी' म्हणावं की 'साथ'? आणि कन्नड पत्रकातले संस्कृत शब्द आपल्याकडेही आहेतच, तर ते तसेच उचलायला हरकत काय?

काजूबाग :
एकच नाहीत, पण २०२० मध्ये वर्तमानपत्रांनी आणि कचेऱ्यांनी ते एकच करून टाकले. ज्याला रोग झालाय त्याला इतरांपासून वेगळं काढायचं, ते विलगीकरण. जो रोग्याच्या संपर्कात आला पण अजून धडधाकट दिसतो त्याला ठरावीक दिवस थांबवून ठेवायचं, ते अलगीकरण, म्हणजे क्वारंटाइन. कोविडमध्ये त्याला १४ दिवस का? लक्षणं बहुतेकांना पाचव्या-सहाव्या दिवशी दिसत, पण काहींना चौदाव्यापर्यंत लागत. दिवस मोजायचे ते शेवटच्या संपर्कापासून. विलगीकरणाचे दिवस मात्र लक्षणं सुरू झाल्यापासून किंवा तपासणीपासून. केंद्राच्या २०२१ च्या सूचनेत ते १० दिवस होते, त्यातले शेवटचे ३ बिनतापाचे. जानेवारी २०२२ मध्ये ते ७ वर आले.

हा नुसता कोशातला वाद नव्हे. दोन्हींना एकच शब्द लावला की दोघांना एकच शाळा मिळते. एका वर्गात खोकणारा आणि त्याच वर्गात 'फक्त मुंबईहून आलेला'. सातव्या दिवशी दोघेही खोकतात.

'क्वारंटाइन' या मूळ शब्दात दिवसच आहेत. व्हेनिसच्या बोलीत 'क्वारांता' म्हणजे चाळीस, तितके दिवस जहाज बंदराबाहेर. त्याआधी १३७७ मध्ये रागुझा, आजचं दुब्रोव्हनिक, तीस दिवस थांबवत असे.

शहापूर पेठ :
बरोबर आहे, पण हे दोन शब्द भोंग्यावरून ओरडून बघा. रिक्षाला कर्णा बांधलाय, रस्त्याला खड्डे आहेत, 'अ' आणि 'वि' यांतला फरक कुणाच्या कानाला लागणार? फळ्यावर ठीक. दवंडीला 'आजाऱ्याला वेगळं ठेवा' आणि 'बाहेरून आलेल्याने घरात थांबा' एवढंच हवं. क्वारंटाइन हा शब्द तर लोकांनी कधीच घेतलाय, 'त्याला कोरंटाइन केल्यात' असं म्हातारीसुद्धा म्हणते. तो हाकलू नका.

दुभाषा :
तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर : अजिबात उचलू नका. सगळे अपघात तिथेच होतात, कारण शब्द ओळखीचा दिसला की माणूस थांबत नाही.

'प्रत्येक' घ्या. कन्नडमध्ये त्याचा अर्थ वेगळा, स्वतंत्र. 'प्रत्येकवागि इरबेकु' म्हणजे वेगळं राहावं. शब्दाला शब्द ठेवणारा लिहितो 'प्रत्येकाने राहावे'. कुठे राहावे? 'प्रत्येक कोठडि' म्हणजे स्वतंत्र खोली. मराठीत ती 'प्रत्येक कोठडी' झाली की घराघराचा तुरुंग होतो, कारण आपल्याकडे कोठडी पोलिसांची असते.

'शंकित' म्हणजे कन्नडमध्ये ज्याच्यावर संशय आहे तो. मराठीत ज्याला शंका येते तो. 'शंकित व्यक्तींनी तपासणी करून घ्यावी' हे वाक्य मराठी वाचकाला असं वाटतं, की ज्यांचा तपासणीवर विश्वास नाही त्यांनी ती करावी! इथे 'संशयित' हवं, आणि तेही पोलिसी वाटत असेल तर 'लक्षणे असणाऱ्यांनी'.

'निषेध' सगळ्यांत घातक. कन्नडमध्ये निषेध म्हणजे मनाई. 'निषेधाज्ञे' म्हणजे जमावबंदी आदेश, २०२४ पर्यंत तो कलम १४४ खाली निघे. मराठीत निषेध मोर्चा काढून करतात, आणि बेळगावात तो शब्द रोजच्या वापरातला आहे, त्याचा भलताच अर्थ लागायला वेळ नको. 'प्रवेश निषिद्ध' चालेल, 'प्रवेश बंद' त्याहून बरं, 'प्रवेशाचा निषेध' मुळीच नको.

'अनुमान' कन्नडमध्ये संशय, मराठीत तर्काने काढलेला निष्कर्ष. 'गुणमुख' म्हणजे बरा झालेला. आपल्याकडे 'गुण येतो' तो औषधाला, माणूस 'बरा होतो'. 'बिडुगडे' दवाखान्यातूनही आणि तुरुंगातूनही. मराठीत दवाखान्यातून 'घरी सोडतात', सुटका कैद्याची होते.

परिचारिका :
त्यात 'आशा कार्यकर्ते' राहिलं. कन्नडमध्ये कार्यकर्त पुरुष आणि कार्यकर्ते ही एक बाई. तेच मराठीत जसंच्या तसं आलं की 'उद्या आशा कार्यकर्ते घरी येतील' होतं आणि घरातल्या बायका समजतात की चार-पाच पुरुष येणार. दार उघडत नाहीत. 'आशाताई' लिहा, विषय संपला.

आणखी एक, 'बाधित'. लिखाणात आता रुळलाय, पूरबाधितही आहेत आणि प्रकल्पबाधितही. पण बोलताना 'बाधा झाली' म्हटलं की गावात दवाखान्याच्या आधी देवरसपण करणाऱ्याकडे जातात, कारण बाधा बाहेरची असते. आजारासाठी 'लागण' हा स्वच्छ शब्द आहे. कन्नड 'सोंकु'ला तोच नेमका बसतो. 'संक्रमण' नको, ते हिंदीकडून आलंय आणि आपल्याकडे संक्रमण सूर्याचं असतं, नाहीतर काळाचं.

घाटमाथा :
'महामारी'बद्दल. साथ म्हणजे एखाद्या भागात एरवीपेक्षा खूप जास्त लोकांना तोच रोग होणं. ती अनेक देशांत, खंडांत पसरली की इंग्रजीत 'पँडेमिक' हा वेगळा शब्द आहे, आणि त्या शब्दात फक्त विस्तार मोजलाय, मरण मोजलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ ला स्वाइन फ्लूबद्दल तोच शब्द वापरला होता, ११ मार्च २०२० ला कोविडबद्दल. दोन्हींचा कहर सारखा नव्हता. 'महामारी'त मात्र 'मारी' बसलेली आहे. जरीमरी, महामारी ही नावं पटकीसारख्या रोगांचीही होती आणि त्या देवीचीही. म्हणून विस्तार सांगायचा तर 'महासाथ' किंवा 'जगभरची साथ'. १९१८ च्या फ्लूला लोकांनी 'मानमोडी' म्हटलं, तो शब्द तर कुणी समिती नेमून घडवला नव्हता.

'साथ' आणि 'संसर्ग' हेही एक नव्हे. खानापूरच्या रानाकडच्या गावांसाठी हे महत्त्वाचं. माकडताप, कन्नडमध्ये 'मंगन कायिले', १९५७ मध्ये शिवमोग्ग्याकडच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला. तो गोचिडीच्या चावण्याने होतो, माणसाकडून माणसाला होत नाही. डिसेंबर ते मे हे त्याचे दिवस, काजूचा हंगामही त्यातच येतो. 'माकडतापाची साथ' बरोबर आहे, 'माकडताप संसर्गाने पसरतो' चूक. कारण मग घराला दोरी बांधतात आणि करायचं ते राहून जातं : रानात जाताना अंगाला गोचीडरोधक तेल, आल्यावर कपडे गरम पाण्यात, काखा-जांघा तपासून अंघोळ.

निपाणीकडचा :
'लॉकडाऊन'ला 'टाळेबंदी' कुणी केलं? टाळेबंदी कारखान्याचा मालक करतो, कामगारांना बाहेर ठेवायला. इथे सगळे आत होते. 'संचारबंदी' म्हणजे रस्त्यावर फिरायला मनाई आणि 'जमावबंदी' म्हणजे पाच किंवा जास्त जणांना एकत्र यायला मनाई, हे दोन जुने आणि नेमके शब्द आहेत, ते जपा. कन्नड पत्रांतलं 'दिग्बंधन' मात्र भारी होतं, मराठीत आणलं तर मांत्रिक आठवतो. 'सीलडाऊन' हा खास कर्नाटकातला माल : गल्लीच्या तोंडाला बांबू आणि पत्रे ठोकले की 'गल्ली सीलडाऊन केल्यात'. सीमेपलीकडे महाराष्ट्रात, कागलला, हेच 'प्रतिबंधित क्षेत्र' होतं. कोगनोळीच्या नाक्यावर ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर मागत होते तेव्हा, म्हणजे फेब्रुवारी २०२१ नंतर, दोन्हीकडच्या माणसाला दोन्ही शब्द यावे लागले.

मलप्रभाकाठ :
लॉकडाऊनला 'पाळणूक' चालेल का? गावाने वार पाळणं इथे सगळ्यांना कळतं. मंगळवारी, शुक्रवारी शेतात जायचं नाही, सगळं बंद. हुकूम न वाटता आपला नेम वाटेल.

परिचारिका :
नको. पाळणुकीत कामं बंद असतात पण देऊळ उघडं असतं, आणि गाऱ्हाणं घालायला सगळं गाव एका ठिकाणी जमतं. साथीत नेमकं तेच टाळायचं आहे.

घाटमाथा :
मरीआईच्या गाड्याचंही तसंच. गाडा आपल्या शिवेपर्यंत न्यायचा, पुढचं गाव तो आपल्या शिवेपर्यंत नेणार. गाव मोकळं होण्याची कल्पना त्यात आहे, रोग आहे तिथे अडवायची नाही. शब्द उसने घेताना त्यामागची कृतीही येते.

शहापूर पेठ :
तरी मला 'पाळणूक' टाकवत नाही. लोकांनी स्वतःहून बंद ठेवलं तर तोच शब्द योग्य, हुकमाने बंद केलं तर 'बंदी'. हा भेद 'लॉकडाऊन'मध्ये नाही.

दुभाषा :
'लस' राहिली, आणि ती तर बेळगावची. लस म्हणजे मुळात पाझरणारा चिकट द्रव, जखमेतून लस येते ती. देवीची लस वासराच्या कातडीवर ओरखडे काढून, तिथे उठलेल्या फोडांतून खरोखरच खरवडून घेत आणि ग्लिसरीनमध्ये मिसळत. टिळकवाडीतला 'व्हॅक्सिन डेपो' त्याच कामासाठी होता, आज मैदान म्हणून सगळ्यांना माहीत. म्हणजे तिथे लस शब्दशः लस होती. हाफकिनने १८९७ मध्ये मुंबईत प्लेगवर काढली ती मेलेल्या जंतूंची होती, तरी नाव चिकटलं ते चिकटलं. कन्नड 'लसिके' तिकडे टोचायची लस, आपल्या जीवशास्त्राच्या पुस्तकात 'लसीका' म्हणजे शरीरातला द्रव. यादीत ही जोडी ठेवा.

सूचनेत 'कुपी' शब्दही येऊ द्या. कोव्हिशील्डची कुपी १० जणांची असे, दर डोस अर्धा मिलिलिटर, उघडल्यावर ४ तासांत संपवावी लागे. 'लस संपली' असं लिहिलं तर भांडण होतं. 'दहा जण जमल्यावर कुपी उघडली जाईल' असं लिहिलं तर लोक दहावा माणूस शोधून आणतात.

काजूबाग :
'गाव सॅनिटाइझ केलं' हे वाक्य यादीतून हद्दपार करा. सॅनिटायझर हातासाठी, ७० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. पृष्ठभागासाठी 'जंतुनाशक', म्हणजे १ टक्का हायपोक्लोराइट. ५ टक्क्यांचा डबा असेल तर एक भाग औषध, चार भाग पाणी. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर असेल तर लिटरला ३० ग्रॅम, आधी थोड्या पाण्यात कालवून खडे मोडायचे, मग पाणी घालून निवळू द्यायचं आणि वरची निवळी वापरायची. गाळ पंपाच्या नळीत अडकतो. पावडर ताजी आणि ३३ टक्के क्लोरीनची असली तरच हा हिशेब. उघडं राहिलेलं पोतं निम्म्यानेही काम करत नाही. द्रावण रोज नवं, आधी धूळ-चिखल पुसायचा, मग लावून १० मिनिटं तसंच ठेवायचं. संडासाच्या आम्लात मिसळलं की विषारी वायू निघतो. माणसाच्या अंगावर फवारायचं नाही. 'फवारणी' शब्दाने हाच गोंधळ होतो, कारण द्राक्षाला, उसाला फवारतात तसं रस्त्यावर फवारून मोकळे होतात. दाराच्या कड्या आणि बोअरचा दांडा तसाच राहतो. 'पुसून घेणे' म्हणा.

निपाणीकडचा :
'सामाजिक अंतर'ही काढा. आपल्याकडे त्या अंतराला जुना आणि वाईट अर्थ आहे. 'शारीरिक अंतर' कागदी वाटतं. मराठीत 'चार हात लांब' तयार आहे. हात म्हणजे दीड फूट, चार हात म्हणजे सहा फूट, सरकारी 'दो गज' तेवढेच. रेशन दुकानापुढे चुन्याची वर्तुळं आखताना टेप लागत नाही, कोपरापासून बोटापर्यंत चारदा मोजायचं.

मलप्रभाकाठ :
सगळं घेऊन दवंडी अशी केली आहे :

'ऐका हो ऐका. गावात तापाची साथ आहे. ज्याला ताप-खोकला आहे त्याने वेगळ्या खोलीत झोपावे, ताटवाटी वेगळी ठेवावी. परगावाहून आलेल्याने चौदा दिवस घरात थांबावे, दिवस आल्या दिवसापासून मोजावेत. रेशनला चार हात लांब उभे राहावे. उद्या आशाताई घरोघर येतील, दार उघडावे. सदर सूचनेचे पालन न केल्यास कारवाई होईल.'

शहापूर पेठ :
बाकी झकास. 'सदर'पासून पुढचं काढा, तिथपर्यंत रिक्षा पुढच्या गल्लीत गेलेली असते. आणि नुसती 'तापाची साथ' म्हणू नका, 'ताप-खोकल्याची' म्हणा, नाहीतर पावसाळ्यात डेंग्यूवाले पण वेगळ्या खोलीत झोपतील.