जर्मनीतील रानलसूण खुडताना प्रत्येक पानाची खात्री कशी करावी?

नमस्कार. आम्ही लाइपझिगमध्ये राहतो. येथील नदीकाठच्या आउवाल्ड जंगलात मार्चमध्ये, झाडांना पालवी फुटण्याआधीच, बेअरलाउख म्हणजे रानलसूण जमीनभर पसरते. फुलोरा येण्यापूर्वीची पाने कोवळी आणि चवीला उत्तम असतात, म्हणून यंदा ती स्वतः खुडून आणावीत असे आमच्या मनात आहे. मात्र घरात लहान मुले असल्यामुळे ओळखीबाबत जराही शंका उरलेली आम्हाला चालणार नाही.

वाचून समजले ते असे. रानलसणीचे प्रत्येक पान जमिनीतून स्वतंत्र, बारीक देठावर वर येते आणि त्याची खालची बाजू निस्तेज असते. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दोन विषारी वनस्पतींपैकी मायग्लोक्खनची (लिली ऑफ द व्हॅली) पाने सहसा जोडीने एकाच दांड्यावर येतात व खालून चकाकतात. दुसरी, हेर्ब्स्टत्साइटलोझे (ऑटम क्रोकस), हिच्या पानांना देठ नसतो. ती ताठ व झुबक्याने उगवतात आणि मध्यभागी बहुधा बियांचे बोंड असते. यांतील शेवटची वनस्पती मला सर्वाधिक धोक्याची वाटते, कारण आपल्याकडच्या कळलावीत असते तेच कोल्चिसिन हे विष तिच्यात असते, ते शिजवल्याने नष्ट होत नाही आणि त्रास सुरू व्हायला कित्येक तास लागू शकतात.

खरी अडचण कोवळ्या पानांची आहे. पान अजून गुंडाळीत असताना वरील फरक नीट दिसत नाहीत आणि दोन वनस्पती एकाच ताटव्यात उगवल्या असतील तर मूठभर पाने एकदम खुडणे घातक ठरू शकते. चुरगळून वास घेण्याचा उपाय तर पहिल्या काही पानांपुरताच, कारण त्यानंतर बोटांनाच लसणीचा वास लागलेला असतो. जे दर वर्षी रानलसूण आणतात, ते प्रत्येक पान देठासह वेगळे खुडतात का? घरी आल्यावर पुन्हा निवडताना नेमके काय पाहतात?

दुसरी शंका कच्च्या चटणीची. कोल्ह्याच्या विष्ठेतून पाला दूषित होऊन फीतकृमीची अंडी पोटात जाण्याची शक्यता, कमी असली तरी, असते. घरच्या फ्रीझरच्या थंडीने ती अंडी मरत नाहीत, शिजवल्याने मात्र मरतात. त्यामुळे थालीपीठ किंवा पीठ पेरून केलेली भाजी एवढ्यावरच थांबावे, असे मला वाटते. आपण कच्ची चटणी करत असाल, तर पाने बागेतली असतात की जंगलातली, तेही कृपया लिहावे.

संरक्षित क्षेत्रात खुडण्यास मनाई असते आणि अन्यत्रही घरच्या वापरापुरतीच पाने घेता येतात, हे आम्हाला माहीत आहे व ते आम्ही पाळू. छायाचित्र पाहून ओळख सांगावी, अशी माझी विनंती नाही. लाइपझिग किंवा हाले परिसरात जाणकारासोबत प्रत्यक्ष जंगलात फिरून ही ओळख शिकता येत असेल, तर त्याची माहिती मिळाल्यास फार मदत होईल.