लिफ्टमधलं म्युझिक? नाही हो

वर कुणीतरी लिहिलंय की अँबियंट, म्हणजे ते मागे हळू चालू राहणारं शांत संगीत, हे नुसतं लिफ्टमधलं म्युझिक, त्यात ऐकण्यासारखं काय असतं. अहो, कान टवकारून ऐकायचं नसतंच ते! ब्रायन इनो या ब्रिटिश संगीतकाराचा किस्सा आहे, १९७५ साली टॅक्सीनं उडवल्यामुळे बिचारा घरी पडून होता, मैत्रिणीनं आणलेली हार्पची रेकॉर्ड चालू, पण आवाज अगदी बारीक आणि एक स्पीकर बंद, उठून वाढवायची ताकद नाही, मग बाहेरच्या पावसात मिसळून जेवढं कानावर येईल तेवढं ऐकत राहिला. त्यातून त्याला हे सगळं सुचलं. १९७८ च्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' या त्याच्या अल्बममध्ये वेगवेगळ्या लांबीचे टेप लूप (टोकं जोडलेल्या, पुन्हापुन्हा वाजणाऱ्या टेप) फिरतात, त्यामुळे सूर दरवेळी नव्यानेच एकमेकांना भेटतात.

बाबा गेले तेव्हा मला गाणी सहनच होईनात, शब्द आले की रडू यायचं. रात्री हेच लावायचे, मोबाईल पालथा ठेवून, फ्रिजच्या घरघरीच्या वर जेमतेम ऐकू येईल एवढंच. दुःखबिःख काही गेलं नाही, पण श्वास जरा सावकाश व्हायचा. तानपुरा नुसता छेडत बसलं तरी मला साधारण असंच होतं, तुमचं काय?