चवथीच्या आधी स्वयंपाकघर: तळण, गॅस आणि कुकर

सेक्रेटरी: चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आली. पावसामुळे खिडक्या बंद आणि तासन्‌तास तळण, अशा दिवसांत जास्त सांभाळावं लागतं. ए-१०२ चे दादा अग्निशमन दलात होते, बी-४ चे भाऊ शेगड्या दुरुस्त करतात. विचारायचं ते सोसायटीच्या या ग्रुपवरच विचारा.

सी-३०१: दादा, कढईतलं तेल पेटलं तर पहिलं काय करायचं?

ए-१०२: गॅसचं बटण बंद. ज्वाळेमुळे हात पोचत नसेल तर आधी झाकण. कढईपेक्षा मोठं सपाट झाकण किंवा परात आपल्या बाजूने पुढे सरकवत कढईवर न्यायची, वरून टाकायची नाही. मग निदान अर्धा तास उघडून बघू नका. तेल तापलेलंच असतं, हवा लागली की पुन्हा भडकतं. पेटलेली कढई उचलून बाल्कनीत न्यायची नाही, अंगावर तेल सांडतं ते तिथेच. आणि पाणी अजिबात नको! पाणी तेलाहून जड, तळाशी जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा लागते. जळतं तेल छतापर्यंत उडतं. तळायला बसण्याआधीच ते झाकण ओट्यावर काढून ठेवा.

सी-३०१: आणि जिन्यातलं एक्स्टिंग्विशर?

ए-१०२: ते एबीसी पावडरचं आहे. जवळून मारलं तर दाबाने तेल उडतं, शिवाय पावडरीने तेल थंड होत नाही. कढईला झाकणच. चिमणीच्या तेलकट जाळीने किंवा पडद्याने पेट घेतला तर सगळ्यांनी बाहेर पडायचं, दार ओढून घ्यायचं, १०१ किंवा ११२ लावायचा. चिमणीची जाळी या आठवड्यात धुऊन घ्या.

डी-२०२ काकी: नेवऱ्यांचं (करंज्यांचं) मी सांगते. तळणाला १७० ते १८० अंश लागतात आणि घाण्याचं खोबरेल साधारण तेवढ्यालाच धुरायला लागतं. मोठ्या घाण्यांना रिफाइंड शेंगदाणा तेल घ्या. कढई निम्म्याहून जास्त भरू नका. नेवरीची कड पाण्याचं बोट लावून घट्ट दाबा आणि मुरड घाला. फुटली की सारण तेलात पडून करपतं, तेल काळं पडून लवकर धुरायला लागतं. फुटलेली लगेच झाऱ्याने काढा, खालचा गाळही. धूर दिसला की गॅस बंद, मग फोन घ्यायला जा. पातोळ्या (हळदीच्या पानातल्या) उकडायच्या भांड्याचं झाकण उघडताना पलीकडची कड आधी उचला, वाफ तिकडून निघून जाते. चवथीनंतर मासळी तळताना मिठाने सुटलेलं पाणी निथळून, टिपून मगच रवा लावा.

ए-२०३: भाऊ, गॅसचा वास आला तर एक्झॉस्ट फॅन लावू का?

बी-४: नको! विजेचं कुठलंही बटण चालू नाही, बंदही नाही, ठिणगी दोन्ही वेळी पडते. रेग्युलेटर बंद करून काढा, सिलिंडरला टोपी बसवा, दारं-खिडक्या उघडा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून जमिनीपर्यंत येणारं बाल्कनीचं दार उघडणं सगळ्यात महत्त्वाचं. बाहेर येऊन १९०६ ला, म्हणजे गॅसगळतीच्या हेल्पलाइनला, फोन. ज्यांच्याकडे नळाचा गॅस आहे त्यांच्याकडे तो वर चढतो, त्यांनी वरची तावदानं उघडायची आणि मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा.

नवा सिलिंडर आला की टोपी काढून आतली काळी रबरी रिंग बघा, तडकलेली असेल तर गळती तिथूनच. जोडल्यावर साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले तर वापरू नका. काडी ओढून तपासणं बंद करा. आपल्या खाऱ्या दमट हवेत बूड गंजतं, सिलिंडर ओल्या फरशीवर नको, ट्रॉलीवर उभा ठेवा.

बी-१०१: सिलिंडरच्या पट्टीवर सी-२८ असं काहीतरी असतं, ते काय?

बी-४: पुढच्या तपासणीची मुदत. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. सी-२८ म्हणजे सप्टेंबर २०२८ पर्यंत. मुदत उलटलेला आला तर घेऊ नका.

सी-२०४: कुकरची शिट्टीच येत नाही, बाजूने वाफ येते.

डी-२०२ काकी: बाजूने येते म्हणजे गास्केट कडक झालं किंवा नीट बसलं नाही, बदला. पण वाफ कुठूनच येत नसेल तर नळी चोंदलेली आहे, लगेच गॅस बंद करा आणि कुकर पूर्ण गार होईस्तोवर झाकणाला हात लावू नका. रोज नळीतून उजेड दिसतो का बघायचं. डाळ-तांदूळ निम्म्यापर्यंत, बाकीचं दोन-तृतीयांश. सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा घ्या.

ए-२०३: आणि भाजलं तर टूथपेस्ट?

ए-१०२: काही लावू नका, बर्फही नाही. आधी बांगड्या, अंगठ्या काढा, नंतर सूज येते. नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा, मग स्वच्छ कापड सैल गुंडाळा, फोड फोडू नका. चेहरा, सांधा, लहान मूल किंवा तळहातापेक्षा मोठी जखम असेल तर १०८ ला रुग्णवाहिकेसाठी फोन लावून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात.

बी-१०१: भाऊ, आमचा गॅसचा नारिंगी पाइप अजून चांगला दिसतो, चालेल ना?

बी-४: दिसण्यावर जाऊ नका, आत जाळी असते, ती बाहेरून कळत नाही. पाच वर्षं झाली की बदला. लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको, शेगडीच्या मागे तापलेल्या भांड्याला टेकायला नको. पाइपवर छापलेल्या तारखेचा फोटो इथे टाका, सांगतो.