डिस्ने गेला, डॉक्टर राहिला. पैसे कमी झाले ते बरंच झालं की!

निळी_पेटी
डॉक्टर हू बघणारे सोलापुरात किती असतील, हाताच्या बोटावर मोजता येतील, तरी लिहायलोय. बातमी अशी की ऑक्टोबर 2025 च्या शेवटी बीबीसीनं जाहीर केलं, डिस्नेसोबतची भागीदारी संपली, पण मालिका बंद नाय, 2026 च्या ख्रिसमसला एक स्पेशल येणार, लिहिणार रसेल टी डेव्हिस, पुढच्या सीझनचं नंतर सांगू. तेव्हापासून आमच्या ग्रुपवर सुतक पडल्यागत झालंय. बजेट गेलं, आता सगळं स्वस्तातलं दिसणार, संपलं. (ज्यांना माहीत नाय त्यांच्यासाठी: परग्रहावरचा एक जण निळ्या पोलीस बॉक्समधून काळात फिरतो, मरायला टेकला की चेहरा बदलतो म्हणजे नवीन नट येतो, 1963 पासून हे चालू आहे.)

मला तर बरं वाटलं. ही मालिका पैशावर कधी चाललीच नव्हती. ती पेटी गायब होताना जो घरघर आवाज येतो ना, तो ब्रायन हॉजसननं आईच्या घराची किल्ली जुन्या पियानोच्या तारेवर घासून काढलेला. डालेकचा (डॉक्टरचा जुना शत्रू, धातूच्या कवचातला) एक हात म्हणजे संडास-बेसिन तुंबल्यावर वापरतात तो रबरी पंप, आणि त्यालाच घाबरून इंग्लंडातली पोरं सोफ्याच्या मागं लपायची. 2008 चा 'मिडनाईट' हा भाग काढून बघा, एक गाडी, आत आठ-दहा माणसं, राक्षस शेवटपर्यंत दिसत नाय, आणि माझ्या अंगावर आजपण काटा येतो. डिस्नेच्या पैशात काय मिळालं, तर आभाळाएवढे कॉम्प्युटरवर बनवलेले राक्षस आणि लक्षात राहील असा एक पण नाय.

होटगी_रोड_लोकल
हे गरिबीचं कौतुक बास कर बे. 1963 ला लोक एवढ्याशा काळ्यापांढऱ्या टीव्हीवर बघायचे, त्यात रबरी पंप खपून गेला. आज माझा भाचा सहावीत आहे, त्याला दाखव तू डालेक, तो हसून मोबाईल घेऊन बसतो.

आणि बजेट कापलं की काय होतं हे या मालिकेत आधीच घडून गेलंय, तू जुनं जुनं करतोस तर ते पण सांग की. 1985 ला पंचेचाळीस मिनिटांचे 13 भाग होते. मग बीबीसीवाल्यांनी दीड वर्ष गाडी थांबवली आणि 1986 ला परत आणली तर पंचवीस मिनिटांचे 14 भाग. हिशोब कर, 585 मिनिटांवरून 350. तीन वर्षांनी, 1989 ला, बंद. मधे 1996 ची एक टेलिफिल्म सोडली तर 2005 पर्यंत टीव्हीवर डॉक्टर नव्हता. कात्री राक्षसाला लागत नाही, ती लागते भागांच्या संख्येला. आणि एकदा संख्या कमी झाली की लोकांची सवय तुटते, मग आकडे पडतात, मग वरचे म्हणतात बघा कोण बघत नाही.

निळी_पेटी
@होटगी भागांची संख्या काढलीस ते बरं केलंस. 2005 ला परत आली तेव्हा बीबीसी डिस्नेशिवाय वर्षाला 13 भाग काढत होती, वर ख्रिसमसचा वेगळा. डिस्ने आल्यावर किती? 8. पैसा वाढला आणि भाग कमी झाले. मग कात्री कोणी लावली सांग.

होटगी_रोड_लोकल
अरे 13 वरून 10 वर डिस्नेच्या आधीच आलेले, 2018 ला. 2021 ला तर 6. आता एक भाग काढायला तेव्हापेक्षा कितीतरी जास्त लागतात, सगळ्याच मालिकांचं तसं झालंय. त्यात बीबीसीची लायसन्स फी (टीव्हीसाठी तिकडं घराघरातून वर्षाला घेतात ती) 2022 पासून दोन वर्षं 159 पौंडावर गोठवून ठेवलेली, महागाई धावत होती ती वेगळीच. 2025 ला 174.50 झाली पण मधला खड्डा कोण भरणार? वर 2027 च्या अखेरीला ज्यावर बीबीसी चालते ती सनद संपते, पुढं फीचं काय होणार हेच ठरायचंय. अशा वेळी डिस्ने निघून गेला आणि तू इथं पेढे वाटायलास.

पूर्व_भागातली_पोरगी
तुम्ही दोघं पैशावरच भांडत बसलात, मला वेगळंच टोचतंय. वरदा सेतू आली तेव्हा मी किती खुश झालेले, केरळात जन्मलेली नटी, आणि पात्र बेलिंडा चंद्रा, नर्स, डॉक्टरला पहिल्याच भागात तोंडावर सुनावणारी. घरी आईला पण बसवून दाखवलं मी, तिला इंग्रजी कळत नाही पण ही पोरगी कोणाला घाबरत नाही एवढं तिला बरोबर कळलं. आणि शेवटी काय केलं? सीझनच्या शेवटच्या भागात तिला एका खोलीत बाळ घेऊन बसवून ठेवलं, आणि मग ती आधीपासूनच आई होती असं तिचं सगळं आयुष्यच बदलून टाकलं. खोलीत बसवायला पैसे लागत नाहीत. बाहेर काढून चार वाक्यं द्यायला पण लागत नाहीत. त्याच भागात तो हाडांचा ओमेगा राक्षस आणला, केवढा तो खर्च, त्यानं खलनायिका रानीला गिळलं आणि लगेच परत पाठवला. रानी म्हणजे आर्ची पंजाबी! इतकी चांगली नटी हाताशी असून तिला संपवायची घाई.

तेव्हा पैसा होता. आणि लिहिणारा पण हाच होता जो आता स्पेशल लिहिणार. मग बजेट कमी झालं काय नि वाढलं काय?

नाटकवाला_सातरस्ता
पहिल्यांदा लिहितोय, आतापर्यंत नुसतं वाचत होतो. आम्ही राज्य नाट्य स्पर्धेला करतो, हुतात्माला प्रयोग असतो, तेव्हा कमी पैशातलं काम काय असतं ते मला जरा माहीत आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

निळी पेटी, तुझा 'मिडनाईट' स्वस्त होता, मान्य, पण सोपा नव्हता. त्यात नटी लेस्ली शार्प आधी सगळ्यांची वाक्यं मागून म्हणते, मग बरोबर म्हणते, मग आधी म्हणते. तेव्हाचा डॉक्टर डेव्हिड टेनंट, त्याच्याबरोबर एकाच वेळी तेच शब्द, तोच वेग, आणि अख्खा प्रसंग. कधी दोघांनी मिळून एक परिच्छेद तरी एकदम बोलून बघा, तिसऱ्या वाक्याला पाय अडकतो. त्याला तालीम लागते. तालमीला दिवस लागतात, आणि कमी बजेटमध्ये पहिल्यांदा दिवसच कापले जातात. आमच्याकडं सेट काळ्या पडद्यावर भागवता येतो हो, एक खुर्ची नि एक दरवाजा पुरतो, पण संहिता हातात उशिरा आली आणि नट नोकरीवरून आठला यायला लागले की नाटक बसतच नाही, मग लाईट कितीही भारी लावा.

दुसरं, तो भाग एकटा स्वस्त नव्हता. त्याच 2008 च्या सीझनच्या शेवटी डालेकांची अख्खी फौज आहे, दोन भागांची. एका ठिकाणी वाचवलं म्हणून दुसरीकडं उडवता आलं. 2007 चा 'ब्लिंक' पण तसाच, टेनंट दुसऱ्या भागांच्या शूटिंगमध्ये अडकलेला म्हणून डॉक्टर फार कमी दिसेल असा भाग लिहिला, आणि तोच सगळ्यांच्या लक्षात राहिला. पण हे 13 भागांत जमतं. एकच स्पेशल करायचाय म्हटल्यावर वाचवायचं कुठं नि उडवायचं कुठं?

निळी_पेटी
@नाटकवाला तालमीचं पटलं, त्यावर वाद नाय. पण तुमच्याच मुद्द्यातून माझं म्हणणं निघतंय की. टेनंट रिकामा नव्हता म्हणून 'ब्लिंक' झाला. अडचण आली म्हणून डोकं चालवलं. पैसा असता तर शूटिंग पुढं ढकललं असतं आणि त्यातल्या दगडी पुतळ्यांच्या राक्षसांऐवजी काहीतरी उडणारं आणलं असतं.

होटगी_रोड_लोकल
एक 'ब्लिंक' झाला म्हणून अडचण चांगली? अडचणीत केलेले टुकार भाग किती आहेत ते कोण मोजणार, ते कोणाच्या लक्षात नाहीत एवढंच.

विजापूर_वेस_1989
मुळात 'मालिका बंद नाय' असं म्हणणंच मला चूक वाटतंय. एक भाग म्हणजे सीझन नव्हे. 31 मे 2025 ला शेवटचा भाग झाला, पुढचा 2026 च्या ख्रिसमसला, मधे जवळपास एकोणीस महिने. 1985 ला दीड वर्षाची सुट्टी जाहीर झाली तेव्हा तिकडं पेपरात बोंबाबोंब झालेली, आणि आता त्यापेक्षा मोठ्या खंडाला आपण चालू आहे म्हणायलोय. मधे स्पिनऑफ (त्याच जगातली वेगळी मालिका) आहे खरा, पण त्यात डॉक्टर नाही, ते पाच भाग डिस्नेच्या जुन्या करारातल्या 26 मधलेच.

आणि शेवट कुठं सोडलाय आठवा. डॉक्टर झालेल्या शूटी गाटवाचा चेहरा बदलून बिली पायपर आली, आणि श्रेयनामावलीत नुसतं 'इंट्रोड्युसिंग बिली पायपर'. डॉक्टर म्हणून असं कुठं लिहिलंच नाही. तिला पण माहीत नसेल आपण कोण ते. ज्यांना पुढचं ठरलेलं असतं ते असा शेवट करत नाहीत.

गड्ड्यातला_पाळणा
सगळं ठीक आहे पण आपण बघायचं कुठं ते सांगा की राव. हे दोन सीझन हॉटस्टारवर मिळाले, घरचं रिचार्ज होतंच, त्यात झालं. डिस्ने गेला म्हणजे ते पण गेलं ना? आधी बीबीसी एंटरटेनमेंट चॅनल होता, तो बंद पडला तेव्हा मी पेनड्राईव्हवर आलो होतो, आता परत पेनड्राईव्ह का?

पूर्व_भागातली_पोरगी
@पाळणा हाच खरा प्रश्न आहे आणि यावर कोणी बोलत नाही. इंग्लंडातल्या माणसाला काय, बीबीसी लावली की झालं. बजेट गेल्याचा पहिला फटका आपल्यालाच. मी बाहेर कोणाला सांगते डॉक्टर हू बघ, तर पहिला प्रश्न कुठं बघू, आणि त्याला उत्तर नसलं की तिथंच विषय संपतो. आईला मी पेनड्राईव्हवर दाखवलं नसतं. टीव्ही लावलेला, मालिका समोर आली, म्हणून ती बसली.

निळी_पेटी
हे मात्र खरं आहे. पण म्हणून डिस्नेनं राहायला पाहिजे होतं असं मी म्हणणार नाय. दाखवायला कोणीही दाखवेल, बनवताना डोक्यावर कोण बसतो ते महत्त्वाचं.

होटगी_रोड_लोकल
कोणीही दाखवेल म्हणे. कोण? नाव सांग एक.

नाटकवाला_सातरस्ता
एक गंमत सांगू का, अगदी पहिल्या गोष्टीचा दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा. पोरगेलं वय, निर्माती व्हेरिटी लँबर्ट पण तरुण, बीबीसीतल्या बऱ्याच जणांना वाटलेलं हे टिकायचं नाही. पहिला भाग गेला 23 नोव्हेंबर 1963 ला, केनेडींच्या खुनाच्या दुसऱ्या दिवशी, बघणार कोण? तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भागाआधी पहिला परत दाखवला. म्हणजे बीबीसीनं तेव्हा पैसे कमी दिले पण मालिका वाऱ्यावर सोडली नाही. आता मला तेवढंच बघायचंय, स्पेशलनंतर पुढच्या सीझनची तारीख सांगतात का.

विजापूर_वेस_1989
सांगणार नाहीत. सनदेचं ठरेपर्यंत कोणी मोठ्या खर्चावर सही करणार नाही, लिहून ठेवा.

निळी_पेटी
@विजापूर_वेस लागली पैज. 2026 च्या ख्रिसमसला भाग संपायच्या आत पुढच्या सीझनची घोषणा होणार. नाय झाली तर पार्क चौकात सगळ्यांना भेळ माझ्याकडून.

होटगी_रोड_लोकल
ह्याचं बजेट बघा आधी, एका प्लेटमध्ये पाच जणांना बसवेल आणि म्हणेल अडचणीत मजा असते.

गड्ड्यातला_पाळणा
मी पैजेत आहे पण बघायचं कुठं???