आफ्ट, स्टर्न, ॲस्टर्न, अबाफ्ट : सगळ्यांना ‘मागे’ म्हणावं का?

(बोलणाऱ्यांची नावं त्यांच्या गावांवरून.)

हर्णै : ट्रॉलरवरच्या, म्हणजे जाळं ओढत मासे धरणाऱ्या बोटीवरच्या, खलाशांसाठी सुरक्षा-सूचना मराठीत लिहायच्या आहेत. या चारही इंग्रजी शब्दांना ‘मागे’ लिहिलं तर चालेल का?

मालवण : नाही चालणार. बोटीवरची जागा, बोटीबाहेरचं पाणी आणि बोटीची चाल, तिन्ही गोष्टी आपण ‘मागे’नेच सांगतो. जाळं पाण्यात असताना कोणी ‘मागे घे’ म्हणून ओरडला. त्याला दोर मागच्या अंगाला ओढून हवाय. सुकाणूवरच्याने इंजिन रिव्हर्स टाकलं, तर बोट जाळ्यावर जाते, दोर पंख्यात गुंडाळतो आणि इंजिन बंद पडतं.

स्टर्न म्हणजे पिछाडी, नाळेच्या (बोटीच्या पुढच्या टोकाच्या) उलटं टोक. आफ्ट म्हणजे पिछाडीच्या अंगाला, पण बोटीवरच. ॲस्टर्न म्हणजे पिछाडीच्या पलीकडे, पाण्यात. दोराने ओढत आणलेली होडी ॲस्टर्न असते, आफ्ट नव्हे. इंजिनाच्या हुकमात मात्र ॲस्टर्न म्हणजे उलटी चाल. भोंग्याचे तीन आखूड आवाज आले की समोरच्याचं इंजिन उलटं चाललंय एवढंच कळतं. बोट अजून पुढेच सरकत असू शकते. म्हणून ‘बोट मागे येत आहे’ हे भाषांतर धोक्याचं.

रत्नागिरी : अबाफ्ट एकटा येत नाही, कशाच्या मागे ते सांगावंच लागतं : ‘डोलकाठीच्या मागच्या बाजूला’. १९७२च्या जहाजांच्या टक्कर-प्रतिबंधक नियमांत तो मापासकट येतो. नाळेपासून ९० अंशांवर बीम, म्हणजे बोटीची थेट आडवी बाजू. तिच्याही मागे २२.५ अंश, म्हणजे नाळेपासून ११२.५ अंशांवर, बाजूंचे लाल-हिरवे दिवे दिसायचे थांबतात आणि पिछाडीचा पांढरा दिवा सुरू होतो. त्याचा पल्ला १३५ अंशांचा, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ६७.५. रात्री पुढच्या बोटीचा फक्त हाच दिवा दिसला, तर तुम्ही तिला ओलांडताय आणि वाट सोडण्याची जबाबदारी तुमची. सूचनेत नुसतं ‘मागून’ न लिहिता हे अंश छापा.

चिपी (सिंधुदुर्ग विमानतळाचं गाव) : विमानात आफ्ट बोटीसारखाच, पण त्याला ‘शेपटी’ म्हणू नये. आफ्ट प्रेशर बल्कहेड ही दाब राखलेला भाग जिथे संपतो तिथली भिंत. शेपटीचा निमुळता भाग तिच्याही मागे, बिनदाबाचा. जपान एअरलाइन्सच्या बोइंग ७४७ विमानात हीच भिंत १२ ऑगस्ट १९८५ रोजी फुटली. जुनी दुरुस्ती सदोष होती. आतल्या हवेच्या लोटाने उभं शेपूट उडालं, हायड्रॉलिक नळ्या तुटल्या, ५२० माणसं गेली. भिंत आणि शेपूट एकाच शब्दात कोंबले तर हा क्रम समजावताच येत नाही.

विमानाच्या वजनाच्या तक्त्यातही आफ्ट येतो. गुरुत्वमध्य आफ्ट मर्यादेच्या मागे गेला की विमानाची नाक-वर-खाली स्थिरता घटते, स्टॉलमधून (पंखांची उचल अचानक घटते त्या अवस्थेतून) सावरणं कठीण होतं. तिथे ‘मागची मर्यादा’ स्पष्ट आहे, नवा शब्द नको.

हर्णै : ‘पिछाडी’ घ्यावा का? निवडणुकीच्या बातम्यांतला ‘पिछाडीवर’ आठवतो.

मालवण : घ्या. ‘बोटीची पिछाडी’ लिहिलं की संशय राहत नाही. फक्त हुकूम वेगळे ठेवा : दोरासाठी ‘पिछाडीला ओढ’, इंजिनासाठी ‘रिव्हर्स’. ‘मागे घे’ सूचनांतून काढूनच टाका.