केबल काढायची का? सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सेक्रेटरी: नमस्कार. केबलवाल्याचा दरवाढीचा मेसेज सगळ्यांना आलाय. तिन्ही विंगमधून एकच विचारणा आहे, केबल बंद करून सगळं ॲपवर बघता येईल का? ज्यांना यातलं कळतं त्यांनीच लिहा. गुड मॉर्निंगची फुलं आज दुसऱ्या ग्रुपवर.

ए-६०१: आधी सध्याचं बिल नीट वाचा, मग तुलना करा. बिलात तीन भाग असतात: एनसीएफ (नेटवर्क कपॅसिटी फी) म्हणजे नेटवर्क वापरण्याचं शुल्क, पे चॅनेल्सची किंमत आणि या दोन्हींवर १८% जीएसटी. एनसीएफला पूर्वी २०० एसडी (साध्या दर्जाच्या) चॅनेल्सपर्यंत १३० रुपयांची मर्यादा होती, करासह १५३.४०. जुलै २०२४ मध्ये ट्रायने (सरकारी नियामकाने) ती मर्यादा काढली. आता आकडा ऑपरेटर ठरवतो, त्यामुळे ज्याने त्याने आपल्या बिलावरच बघावा. त्या मर्यादेत एचडी चॅनेल मोजताना दोन धरत. १९ रुपयांचं चॅनेल करासह २२.४२ ला पडतं.

ए-६०१: उदाहरण: एनसीएफ १३०, चॅनेल्स १५०, बेरीज २८०. कर ५०.४०. एकूण ३३०.४०. आपला असा आकडा कागदावर लिहा. पॅकेजमध्ये तेलुगू सिनेमाची आणि लहान मुलांची चॅनेल्स आहेत का, तेही बघा. बहुतेक घरांत असतात आणि कोणी बघत नाही. सुटी चॅनेल्स निवडायचा हक्क २०१९ पासून आहे, पण ऑपरेटर आपणहून सांगणार नाही.

सी-२०३: अमेरिकेत यूट्यूब टीव्ही घेतलं की केबलवरची बरीचशी चॅनेल्स एकाच ॲपमध्ये येतात म्हणे. ते इथे मिळतं का?

बी-७०२: नाही ताई, ते फक्त अमेरिकेत आहे. आपल्याकडे तसं एकच सर्वसमावेशक ॲप नाही. दोन वाटा आहेत. एक, प्रत्येक चॅनेल कंपनीचं वेगळं ॲप. दुसरी, ब्रॉडबँड कंपनीचा टीव्ही बॉक्स किंवा तिचं टीव्ही ॲप. घरातले काय बघतात त्याची यादी केल्याशिवाय यातलं काहीच ठरवू नका. मराठीपुरतं असं:

स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी: जिओहॉटस्टार. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एकत्र झाले, म्हणून दोन्ही तिथेच.
झी मराठी: झी ५.
सोनी मराठी: सोनी लिव.
सह्याद्री: प्रसार भारतीचं वेव्ह्ज. नोव्हेंबर २०२४ पासून सुरू आहे, दूरदर्शनची चॅनेल्स लाइव्ह दिसतात.
एबीपी माझा, टीव्ही ९ मराठी, झी २४ तास: यूट्यूबवर लाइव्ह, फुकट.

म्हणजे संध्याकाळच्या मालिका तीन कंपन्यांच्या असतील तर तीन वर्गण्या. इथेच बरेच जण फसतात. एका ॲपची वर्गणी केबलपेक्षा कमी दिसते, तिन्हींची बेरीज दिसत नाही.

बी-१०२: दर टाका ना इथे.

बी-७०२: मुद्दाम टाकत नाही. सारखे बदलतात, आणि ग्रुपवरचा जुना फॉरवर्ड बघून कोणीतरी भांडायला येतं. ॲपमध्ये बघा, आणि दर महिन्याचा, तीन महिन्यांचा की वर्षाचा ते नीट वाचा. वर्षाचा असेल तर १२ ने भागून मगच केबलच्या आकड्याशेजारी लिहा. ‘मोबाईल’ नाव असलेला स्वस्त प्लॅन टीव्हीवर चालत नाही, फक्त फोनवर. एका वेळी किती स्क्रीन चालतील तेही तिथेच लिहिलेलं असतं. हॉलमध्ये एक आणि बेडरूममध्ये एक टीव्ही असेल तर एक-स्क्रीनचा प्लॅन घेऊ नका.

ए-३०४ (काकू): पण मालिका वेळेवर लागतात का ॲपवर?

बी-७०२: काकू, मालिकेला लाइव्ह लागतच नाही. भाग ॲपवर येतो, तो तुम्ही साडेसातला बघा नाहीतर रात्री दहाला. लाइव्ह लागतं ते क्रिकेटला, बातम्यांना आणि ‘टीव्ही नुसता चालू राहू दे’ म्हणणाऱ्यांना. हा तिसरा वर्ग हसण्यावारी नेऊ नका. बटण दाबत चॅनेल बदलत राहणं हाच ज्यांचा विरंगुळा, त्यांना ॲपमध्ये जाऊन चित्र निवडणं जमत नाही आणि आवडतही नाही. त्या घरात केबल किंवा आकडे दाबता येणारा बॉक्स राहू द्या.

सी-५०५: अशा घरांना ब्रॉडबँडवाल्यांचा बॉक्सच बरा. जिओफायबर, एअरफायबरवाल्यांना जिओटीव्ही प्लस आहे. त्यात चॅनेल्सची यादी केबलसारखी दिसते आणि काही चॅनेल्सचे मागच्या दिवसांचे कार्यक्रमही बघता येतात. एअरटेलने २०२५ मध्ये आयपीटीव्ही, म्हणजे इंटरनेटवरून येणारा टीव्ही, आणलं. घेण्यापूर्वी दोन गोष्टी बघा. तुमची मराठी चॅनेल्स त्याच प्लॅनमध्ये आहेत की वरच्या, आणि बॉक्स भाड्याने आहे की अनामत घेऊन. आणि हे लक्षात ठेवा की इंटरनेट कंपनी बदलली की टीव्हीही गेला.

ए-६०१: म्हणजे ब्रॉडबँडचा खर्चही धरा की! ३० एमबीपीएसचा ३९९ चा प्लॅन करासह ४७०.८२ होतो. ज्यांच्याकडे आधीच इंटरनेट आहे त्यांना तो धरायची गरज नाही. ज्यांच्याकडे नाही आणि फक्त टीव्हीसाठी घेणार, त्यांचा सरळ तोटा आहे.

बी-७०२: काकांशी सहमत. आता इंटरनेटचं नीट लिहितो, कारण तक्रारी सगळ्या तिथून येतात आणि शिव्या ॲपला बसतात.

एचडी लाइव्हला टीव्हीमागे ८ एमबीपीएस धरा, फोर के असेल तर २५. ३० च्या प्लॅनमध्ये दोन एचडी टीव्ही म्हणजे १६, उरलेल्या १४ मध्ये घरून काम आणि फोन. चालतं. डेटा तासाला साधारण ३ जीबी. दोन टीव्ही रोज ६ तास म्हणजे महिन्याला ३६० तास, १०८० जीबी. बहुतेक फायबर प्लॅनची मर्यादा ३३०० जीबी असते, ती ओलांडत नाही. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर मात्र रोजचे २ जीबी पाऊण तासात संपतील. तो उपाय नव्हे.

प्लॅन १०० चा असूनही चित्र अडकतं, याचं कारण बहुतेक वेळा वायफाय असतं. आपल्याकडे फायबरचा बॉक्स दाराशी चपलांच्या कपाटात बसवतात आणि टीव्ही असतो हॉलच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये आरसीसीची भिंत. वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी २.४ गीगाहर्ट्झ लांब जातं, पण तिथे शेजारच्या वीस राउटरची गर्दी आणि एकमेकांवर न चढणारी वायफाय चॅनेल्स तीनच: १, ६ आणि ११. ५ गीगाहर्ट्झला गर्दी कमी आणि वेग जास्त, पण एका भिंतीनंतर ते मान टाकतं.

तपासायचं असं. रात्री साडेआठ ते साडेनऊ, म्हणजे सगळी सोसायटी टीव्हीसमोर असताना, फोन टीव्हीला चिकटवून वायफायवर स्पीड टेस्ट करा. मग तीच टेस्ट राउटरशेजारी उभं राहून करा. राउटरजवळ ९५ आणि टीव्हीजवळ ९ आले तर कंपनीला फोन करू नका, तुमच्या भिंतीचा दोष आहे. दोन्हीकडे ९ आले तर जरूर करा.

सी-२०३: उपाय?

बी-७०२: कॅट-६ ची लॅन वायर राउटरपासून टीव्हीपर्यंत. १०० मीटरपर्यंत चालते, आपल्या फ्लॅटला १५ पुरते. पट्टीतून ओढून घ्या, दाराच्या फटीत चिरडू नका. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, त्यामुळे टीव्हीवर ९४ च्या आसपास दिसलं तर बिघाड समजू नका. वायर नको असेल तर निदान राउटर कपाटाबाहेर काढून उंचावर ठेवा आणि टीव्ही ५ गीगाहर्ट्झला जोडा. त्या जागी ५ पोचत नसेल तर २.४ आणि चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी ज्यावर गर्दी कमी असेल ते.

सी-५०५: स्टिक (टीव्हीत खोचून ॲप्स चालवायची कांडी) लावणाऱ्यांसाठी. टीव्हीच्या यूएसबी पोर्टला पॉवर जोडू नका. जुन्या टीव्हींच्या पोर्टमधून ५०० मिलीअँपिअरच मिळतात, स्टिकला १ अँपिअर लागतो. मग ती आपोआप रीस्टार्ट होत राहते आणि लोक म्हणतात स्टिक खराब निघाली. सोबत आलेला ॲडॅप्टरच वापरा. आणि अगदी स्वस्त, बिननावाच्या अँड्रॉइड बॉक्सला वाइडवाइनचं एल-१ (कॉपी-संरक्षणाचं) प्रमाणपत्र नसतं, त्यामुळे पैसे एचडीचे भरूनही ॲप एसडीच दाखवतं.

ए-३०४ (काकू): आमच्या जुन्या टीव्हीला लाल-पांढरी-पिवळी भोकं आहेत फक्त.

सी-५०५: काकू, स्टिकला एचडीएमआय लागतं. कन्व्हर्टर मिळतो, पण कॉपी-संरक्षणामुळे काही ॲप्सवर नुसतं काळं दिसतं. त्या टीव्हीला केबलच ठेवा, पैसे घालू नका.

बी-१०२: क्रिकेट. आयपीएल २०२७ पर्यंत आणि भारतातल्या मालिका २०२८ पर्यंत जिओस्टारकडे, म्हणजे ॲप जिओहॉटस्टार. परदेशातले दौरे कोणाकडे असतील ते प्रत्येक वेळी तपासा. २०२५ चा आशिया कप सोनीकडे होता. आणि ॲपवरचं चित्र केबलच्या मागे असतं, २० ते ४० सेकंद सहज. शेजारचा ओरडला की तुमच्या टीव्हीवर बोलर अजून रनअपलाच असतो.

बी-७०२: कारण सांगतो. व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून पाठवतात, आणि अडकू नये म्हणून टीव्ही दोन-तीन तुकडे साठवून मगच दाखवतो. वेग कितीही वाढवला तरी हा उशीर जात नाही. मॅचच्या वेळी स्कोअर ॲपच्या सूचना बंद ठेवा, बाकी इलाज नाही.

बी-१०२: क्लब हाउसच्या टीव्हीवर एकाच्या लॉगिनने फायनल लावू या का?

बी-७०२: नको. वर्गणी घरगुती, वैयक्तिक वापरासाठी असते. सार्वजनिक दाखवण्याची परवानगी त्यात नाही. सोसायटीच्या नावावर नसती उठाठेव.

ए-६०१: फुकटवाल्यांसाठी डीडी फ्री डिश. डिश आणि बॉक्सचा एकदाच खर्च, महिन्याला काही नाही. सह्याद्री आहे. झी मराठी, स्टार प्रवाह नाहीत. गंमत म्हणजे भारताचे महत्त्वाचे सामने फ्री डिशवरच्या डीडी स्पोर्ट्सला दिसतात, पण केबलवरच्या डीडी स्पोर्ट्सला दिसत नाहीत. २००७ च्या कायद्याने प्रसार भारतीला मिळणारं ते प्रक्षेपण खाजगी केबल-डीटीएचवर पुढे देता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे.

सेक्रेटरी: गच्चीवर डिश लावायची तर आधी अर्ज. वॉटरप्रूफिंगला भोकं पाडलेली चालणार नाहीत.

बी-७०२: भिंतीच्या कठड्याला क्लॅम्पने बसते. पुण्यातून फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५९ अंशांवर आहे. बी विंगच्या गच्चीवर त्या बाजूला पाण्याची टाकी येते, ए आणि सी ला अडचण नाही.

सी-२०३: गुरुवारी महावितरणचं काम असतं तेव्हा?

बी-७०२: टीव्ही इन्व्हर्टरवर चालतो, पण राउटर विसरतात लोक. त्याच्या ॲडॅप्टरवर व्होल्टेज आणि अँपिअर लिहिलेले असतात, बहुधा १२ व्होल्ट. तेवढ्याच व्होल्टेजचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा मिनी यूपीएस घ्या. ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा लावला तर तो जळेल.

आणि रस्ता खोदला की फायबर तुटणार, हे सिंहगड रोडवाल्यांना सांगायला नको. बॉक्सवर एलओएसचा लाल दिवा लागला तर राउटर बंद-चालू करत बसू नका, प्रकाशच येत नाहीये. आधी घरातली बारीक वायर कुठे दुमडली आहे का बघा, मग तक्रार करा. माणूस आला की फायबरमधून प्रकाश किती डीबीएम येतोय ते विचारा. उणे १५ ते उणे २५ मध्ये ठीक. उणे २७ च्या खाली गेला तर ‘आता चालू झालं’ म्हणून सही करू नका, दोन दिवसांत पुन्हा जाईल.

ए-६०१: पावसात चित्राचे चौकोन पडतात म्हणून केबल सोडणाऱ्यांनी आधी गच्चीवरचा जॉइंट बघून घ्यावा. कनेक्टरमध्ये पाणी शिरलेलं असतं. घरात एका वायरीतून चार टीव्ही चालवत असाल तर चारच्या स्प्लिटरमध्ये सिग्नलचे ७ डीबी (डेसिबल) जातात, दोनच्यात साडेतीन. दोनच टीव्ही असतील तर स्प्लिटरही दोनचाच लावा. २०० रुपयांत काम होतं.

सेक्रेटरी: ज्यांचं ठरलं त्यांनी बंद कसं करायचं?

ए-६०१: तोंडी नको. बॉक्सचा व्हीसी (व्ह्यूइंग कार्ड) नंबर आणि तारीख घालून मेसेज करा. बॉक्स भाड्याचा असेल तर परत केल्याची पावती घ्या, अनामतीचा हिशेब तिथेच. इंटरनेटही त्याच केबलवाल्याचं असेल तर ते चालू राहणार असं लिहून घ्या. भिंतीतली वायर काढू नका, टोकाला टोपी लावून ठेवा. आणि महिनाभर दोन्ही चालवून बघा. आयपीएलच्या ऐन मोसमात तोडू नका.

सी-५०५: ॲपची वर्गणी यूपीआयने भरली असेल तर ऑटोपे सुरू झालेलं असतं. ॲप डिलीट केलं तरी पैसे कटतात. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मॅन्डेटच्या यादीत जाऊन बंद करा.

ए-३०४ (काकू): मग आमचं काय करू? दोन टीव्ही, इंटरनेट आहेच.

बी-७०२: हॉलच्या जुन्या टीव्हीला केबल ठेवा, पण पॅकेज काढून सुटी चॅनेल्स घ्या. काका यादी करून देतील. बेडरूमच्या टीव्हीचं केबल कनेक्शन बंद करा आणि तिथे तुमच्या दोन मालिकांचं जे एक ॲप असेल तेवढंच घ्या. मालिका दोन वेगळ्या कंपन्यांच्या असतील तर ॲप घेऊच नका, हॉलमध्ये बघा.

ए-३०४ (काकू): एक झीची, एक प्रवाहची.

बी-७०२: मग हॉल. काका, यादीत ही दोन, सह्याद्री आणि बातम्यांचं एक धरा.

ए-६०१: संध्याकाळी बिल घेऊन या.