मदत हवी आहे: श्टील ०७० चेनसॉ गरम झाली की रेस खाली येत नाही

मंडळी, पहिल्यांदाच जुनं इंजिन उघडलंय, सांभाळून घ्या.

मोठ्या काकांचा कुडाळकडे लाकडाचा धंदा होता. त्यांचं हे मशीन माळ्यावर गोणपाटात वीसेक वर्षं पडून होतं. १०६ सीसी, बार सोडून दहा किलोच्या वर वजन, चेनब्रेक नाही, हँडलला धक्के शोषणारं रबर नाही. काका सांगतात, दिवसभर फणसाचे ओंडके कापले की रात्री भाताचा घासही हातात थरथरायचा.

सायलेन्सर काढला तर आत कुंभारमाशीने मातीचं अख्खं बिऱ्हाड थाटलेलं. टाकीतलं पेट्रोल आटून काकवीसारखं झालं होतं. टाकी धुतली, नळी नि फिल्टर बदलले, टिलॉटसन कार्ब्युरेटरला नवीन डायाफ्रामचं किट टाकलं. सिलिंडरला रेघा नाहीत, रिंगा मोकळ्या, ठिणगी निळी. कार्ब्युरेटरचे एच (जास्त रेससाठी) आणि एल (कमी रेससाठी) हे पेट्रोल कमी-जास्त करणारे दोन्ही स्क्रू एकेक आटा उघडे.

तिसऱ्या दोरीला मशीन सुरू होतं. दोन-तीन मिनिटं झकास. मग ट्रिगर सोडला तरी रेस उतरत नाही, उलट चढते. एल पाव आटा आणखी उघडला की शांत होतं, पण मग थंड असताना भसाभस धूर काढतं.

कुठूनतरी हवा ओढतंय असं वाटून घरच्या घरी प्रेशर टेस्ट केली. सायलेन्सर आणि कार्ब्युरेटरच्या खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे आवळले, जुना प्लग पोकळ करून त्यात आईच्या बीपी मशीनची नळी बसवली. काटा २५० (मिमी पारा) वर नेला, दहा सेकंदांत ६० वर! क्लचच्या बाजूला साबणाचं पाणी लावलं, एकही बुडबुडा नाही. संशय फ्लायव्हीलमागच्या (शाफ्टवर फिरणाऱ्या जड चाकामागच्या) सीलवर, म्हणजे शाफ्टभोवती हवा अडवणाऱ्या रबरी कडीवर आहे, पण तिथलं काही दिसत नाही आणि फ्लायव्हील जाम बसलंय. खात्री नसताना ठोकाठोकी करायची भीती वाटते. काढायचं कसं? सील बदलताना बेअरिंगही बदलायचे का? गावचा मिस्त्री म्हणतो, नवीन ब्लॉक-पिस्टन टाकून मोकळा हो. मला ते पटत नाही, जुना बोअर चांगला आहे. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालू, तेही सांगा.

जुनाखटारा:
आधी मशीन बंद ठेव. जादा हवा गेली की मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), पिस्टन तापतो आणि मग तुझ्या त्या चांगल्या बोअरला रेघा पडतात. स्क्रू फिरवून गळती झाकू नकोस.

बीपी मशीन आहे तर घरात स्टेथोस्कोपही असेल. त्याचं खालचं तोंड काढ, नुसती नळी फ्लायव्हीलच्या मध्याशी धर आणि प्रेशर भर. फुसफुस ऐकू येईल. प्रेशरला टिकलं तरी सील पास समजू नये, कारण काही सील फक्त आत ओढताना गळतात. व्हॅक्युमही बघ.

फ्लायव्हील पुलरनेच काढ. मागे स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलंस तर पंख्याची पाती तुटतील. पुलर नसेल तर नट शाफ्टच्या टोकाशी समपातळीत ठेव, म्हणजे आटे वाचतील, आणि पितळी दांड्याने एकच नीट टोला. बेअरिंग हाताने फिरवून बघ, खरखर किंवा खेळ नसेल तर राहू दे. फ्लायव्हील निघालंच की पॉइंटही (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) साफ कर, गॅप ०.३५ ते ०.४ मिमी.

ऑइल: साधं टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) असेल तर १:२५, कंपनीचं असेल तर १:५०. आणि आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. काम झालं की टाकी रिकामी करून मशीन कोरडं पडेपर्यंत चालव, नाहीतर नवीन डायाफ्रामची वाट लागेल.

धागाकर्ता:
जुनाखटारा, फुसफुस अगदी स्पष्ट आली! पुलर गॅरेजवाल्याकडून उसना आणला, फ्लायव्हील 'टण्ण' करून सुटलं. सीलच्या कडेला नख लावलं तर शेंगेच्या टरफलासारखा तुकडा निघाला. बेअरिंग गुळगुळीत आहेत. नवीन सील टाकला, पॉइंट पुसले. आता काटा २५० वर पूर्ण मिनिटभर हलला नाही. व्हॅक्युमसाठी मोठी सिरिंज वापरली, तेही टिकलं. उद्या स्क्रू पुन्हा एका आट्यावर आणून सुरू करतो.

बीपी मशीन आईला परत दिलं. नळीला टू-टीचा वास येतोय म्हणून बोलणी बसली.